मे महिन्यातले पाच गिगाहर्ट्झ

प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचाय म्हणून कुणी सल्ला मागायला आलं, की मी आधी विचारतो, घर कितव्या मजल्यावर? माझं पिंपळे गुरवमधलं घर थेट गच्चीखाली आहे. मे महिन्यात दिवसभर तापलेला स्लॅब रात्रीपर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो, आणि घरून टूल डिझाइन करणाऱ्याचं खरं काम तेव्हाच सुरू होतं. भोसरी-चाकणचे व्हेंडर संध्याकाळी बदल सांगणार आणि सकाळी ड्रॉइंग मागणार.

कॅडचं मॉडेलिंग बहुतेक वेळा एकाच कोअरवर चालतं. तिथे जास्त कोअर घेऊन फारसं साधत नाही, वेग वाढवून साधतं. म्हणून माझा इंटेल आय-७ ८७००के मी सगळ्या कोअरना ४.३ वरून ५ गिगाहर्ट्झवर नेला. व्होल्टेज १.२ चं १.३५ करावं लागलं. जानेवारीत खोली २२ अंशांवर होती आणि पूर्ण लोडवर प्रोसेसर ७६ दाखवत होता. मशीन अगदी खणखणीत.

मे महिन्यात त्याच मशीनवर शीटमेटलच्या फॉर्मिंगचं सिम्युलेशन लावलं. धूर नाही, बीप नाही, निळा स्क्रीन नाही. काम मात्र रेंगाळायला लागलं. मशीन दुकानात नेलं, तर त्यांनी बायोस उघडून दाखवलं, ‘४५ अंश आहे, एकदम ओके.’ बायोसमध्ये प्रोसेसरला कामच नसतं, मग तिथे ताप कुठून दिसणार? घरी सिम्युलेशन चालू ठेवून पाहिलं तेव्हा आकडा १००ला टेकलेला होता आणि वेग ४.३च्याही खाली. या प्रोसेसरची मर्यादाच १०० अंशांची. ती गाठली की तो स्वतःला वाचवायला वेग कापतो, याला थ्रॉटलिंग म्हणतात. म्हणजे ओव्हरक्लॉक करून मशीन आधीपेक्षा हळू चालत होतं.

यात नवल काही नाही. कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त दोघांतलं अंतर कमी ठेवतो. जानेवारीत ते अंतर ५४ अंश होतं. मे महिन्यात खोली ३७ झाली की सरळ ९१, आणि उरलेलं काम फिल्टरवरच्या धुळीनं केलं. आपल्याकडे शेजारी एखादं बांधकाम चालू नाही असं वर्ष मला तरी आठवत नाही. उष्णतेचा हिशेबही निष्ठुर आहे. ती वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग १६ टक्के वाढवताना माझी उष्णता जवळजवळ दीडपट झाली होती. म्हणून व्होल्टेज ‘ऑटो’वर सोडू नका. मदरबोर्ड हात सैल सोडून जास्तच देतो.

तापमान बघायला एचडब्ल्यूइन्फो पुरेसं आहे आणि वैयक्तिक वापरासाठी फुकट आहे. त्यातला आत्ताचा आकडा सोडून द्या, ‘मॅक्सिमम’चा रकाना वाचा, आणि शेजारी खोलीचं तापमान वहीत लिहा. त्याशिवाय ७६ या आकड्याला काही अर्थ नाही. ‘थर्मल थ्रॉटलिंग’च्या ओळीत एकदा जरी ‘येस’ आलं, तरी सेटिंग नापास. चाचणी स्वतःच्या कामाचीच घ्या. प्राइम९५ हे ताण-चाचणीचं सॉफ्टवेअर प्रत्यक्ष कामापेक्षा कितीतरी जास्त तापवतं, आणि दोन मिनिटांत थांबवलेली कुठलीही चाचणी खोटा दिलासा देते. वॉटर कूलर असेल तर पाणी तापेपर्यंत अर्धा तास द्या. शिवाय असा कूलर सॉकेटभोवती हवा मारत नाही, त्यामुळे प्रोसेसर थंड दिसतो आणि त्याला वीज पुरवणारा व्हीआरएम तापत राहतो. त्याचाही सेन्सर यादीत असेल तर बघा.

दुसऱ्याचे आकडे आपल्या मशीनला लावू नका. एएमडीचे रायझन १७००एक्स आणि १८००एक्स खऱ्यापेक्षा २० अंश जास्त कळवायचे, आणि ते न ओळखणारं सॉफ्टवेअर पाहून लोक विनाकारण घाबरायचे. उलट रायझन ७०००च्या वरच्या मॉडेलना पूर्ण लोडवर ९५ गाठणं कंपनीलाच मान्य आहे. आणि तापमान ठीक म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचे काही प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे कायमचे खराब होऊ लागले, तेव्हा २०२४मध्ये कंपनीला मायक्रोकोड बदलावा लागला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. म्हणून तापमानाशेजारी व्होल्टेजचा मॅक्सिममही वाचायचा.

कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यातून बाहेर काढा. आणि गुरुवार लक्षात ठेवा. आमच्याकडे त्या दिवशी देखभालीसाठी लाइट जाते. ती गेली की पीसी इन्व्हर्टरवर चालतो, एसी चालत नाही. सिम्युलेशन लावून बाहेर गेलात तर बंद खोलीत मशीन तसंच तापत राहतं. म्हणून एचडब्ल्यूइन्फोची लॉग फाइल चालू ठेवून जा.

मी आता ४.७ गिगाहर्ट्झवर आहे. पाचच्या तुलनेत तासाभराच्या कामाला फार तर चार मिनिटं जास्त लागतात आणि मे महिन्यातही थ्रॉटलिंगची ओळ ‘नो’च राहते. तुम्हीही ओव्हरक्लॉक हवं तर डिसेंबरमध्ये करा, पण मे महिन्यातल्या एखाद्या संध्याकाळी, एसी बंद ठेवून, तपासल्याशिवाय चाकणच्या कुणालाही डिलिव्हरीची तारीख देऊ नका.