तुरीच्या मुळाशी मित्रबुरशी

बुरशी म्हटली की शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे पिकाचा नाशच उभा राहतो. वर्धा जिल्ह्यात कापूस व सोयाबीन यांच्या जोडीने घेतल्या जाणाऱ्या तुरीचेच उदाहरण घ्यावे. पीक फुलोऱ्यावर यावे, शेंगा धरू लागाव्यात आणि नेमकी त्याच वेळी उभी झाडे वाळून जावीत, हा अनुभव अनेकांच्या परिचयाचा आहे. हाच मर रोग. जमिनीतील फ्युजेरियम उडम ही बुरशी मुळावाटे आत शिरते व पाणी वाहणाऱ्या नलिका बंद पाडते. रोगट खोड उभे चिरल्यास आत काळपट रेषा दिसतात. पिकाच्या अवशेषांवर ही बुरशी सुमारे तीन वर्षे तग धरते.

परंतु सर्वच बुरशी शत्रू नव्हेत. काही बुरशी वनस्पतीच्या आत राहूनही तिला अपाय करीत नाहीत. उलट तिच्या वाढीस साहाय्य करतात. त्यांना अंतर्वासी बुरशी म्हणता येईल. राजस्थानातील थर वाळवंटाच्या झुडपांच्या मुळांभोवतीच्या मातीत आढळलेल्या अशाच एका बुरशीचे वर्णन १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. 'पिरिफॉर्मोस्पोरा इंडिका' हे तिला तेव्हा दिलेले नाव. आपल्याकडे सहज मिळणारी मित्रबुरशी म्हणजे ट्रायकोडर्मा. तिचे अनेक प्रकार मुळाच्या बाह्य स्तरांत वस्ती करतात, रोगकारक बुरशीच्या तंतूंना वेढून त्यांचे आवरण विरघळवितात आणि झाडाची प्रतिकारशक्ती जागी करतात.

वापराची रीत

पेरणीपूर्वी एक किलो बियाण्यास ४ ते १० ग्रॅम ट्रायकोडर्मा, पुडक्यावरील सूचनेनुसार, हलक्या हाताने चोळावा. बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरावे. ट्रायकोडर्मा शेणखतात मिसळून जमिनीतही देता येतो. हे संवर्धक सजीव आहे, याचा विसर पडू नये. मुदत संपलेले, उन्हात ठेवलेले किंवा बुरशीनाशकात कालविलेले संवर्धक निरुपयोगी ठरते आणि दोष मात्र पद्धतीला लागतो.

एवढ्यावरच विसंबणेही योग्य नाही. बीएसएमआर ७३६ सारखे रोगप्रतिकारक वाण, ज्वारीची फेरपालट व रोगट झाडांचा नाश यांची जोड हवीच. सेलसुरा येथील कृषि विज्ञान केंद्राकडून याविषयी मार्गदर्शन घेता येईल.

ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांनी पूर्वी मर आलेल्या एखाद्या शेतात प्रक्रिया केलेल्या व न केलेल्या बियाण्याचे पट्टे शेजारी शेजारी पेरवून घ्यावेत आणि फुलोऱ्यापासून शेंगा भरेपर्यंत विद्यार्थ्यांकडून वाळलेली झाडे मोजून घ्यावीत. गावाने स्वतः केलेली ही मोजणी कोणत्याही व्याख्यानाहून अधिक पटेल.