खुल्या गटातले नाव



पुसदच्या बुद्धिबळ स्पर्धेत खुल्या गटात, म्हणजे मुलगे आणि मुली एकत्र खेळतात त्या गटात, घातलेले नाव भाचीने काढून घेतले, अशी बातमी यवतमाळात मामाच्या कानावर आली असून ती खोटी ठरावी, एवढीच त्याची इच्छा आहे. मुलांकडून हरल्यास वर्गात हसे होईल, हे त्यामागचे कारण असेल, तर ते तिला शोभणारे नाही.

रोहिणी खाडिलकर 1976 साली, वयाच्या अवघ्या 13 व्या वर्षी, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, तेव्हा एवढा गदारोळ झाला की प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि फिडे, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघ, या संस्थेचे अध्यक्ष माक्स यूव्हे यांनी, राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही, असा निर्णय दिला. हे यूव्हे स्वतः 1935 चे जगज्जेते; आणि चेक वडिलांची मुलगी व्हेरा मेंचिक, जी 1927 मध्ये पहिली महिला जगज्जेती झाली, तिच्याकडून ते दोनदा हरलेले होते. हरल्याने यूव्हे लहान झाले नाहीत, आणि एका मुलीने भांडून उघडलेल्या दाराला पुसदला आतून कडी लागावी, हे मामाला सहन होत नाही. नागपूरच्या दिव्या देशमुखने 2025 मध्ये बातुमीला महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर हा सर्वोच्च किताब मिळवला, तेव्हा हीच भाची रात्री जागली होती. मग नाव काढले कशासाठी?

नववीत असताना मामानेही ताप आल्याचे सांगून तालुक्याची फेरी चुकवली होती. घरी पांघरुणात पडून तो डाव त्याने मनात कितीदा मांडला, पण त्याचा निकाल आजवर लागलेला नाही. घरात हे कोणालाच ठाऊक नव्हते, तिच्या आजीलासुद्धा नाही.

पत्र कठोर झाले असल्यास तिने रुसू नये. नाव अजून घालता येत असल्यास घालावे, शुल्क मामा भरील. तिच्या पटातला पांढरा उंट दिवाळीत इथेच राहिला आणि त्याच्या घरात ती खडूचा तुकडा मांडते, असे तिची आई सांगत होती; तो उंट रुमालात बांधून मामा शनिवारी पहिल्या एस.टी.ने निघत आहे. नाव घातले नाही तरी तो येणारच आहे, कारण आजीने तिच्यासाठी डबाभर तिळाचे लाडू बांधून ठेवले आहेत.