आबनुसाचे बीज

गिटार हे तंतुवाद्य आता आपल्याकडेही चांगलेच परिचयाचे झाले आहे. त्याची लांब दांडी डाव्या हातात धरावयाची, तिच्यावर बोटांनी तारा दाबावयाच्या आणि उजव्या हाताने त्या छेडावयाच्या, ही त्याच्या वादनाची रीत. तारा ज्या पट्टीवर दाबल्या जातात ती पट्टी पुष्कळदा काळीभोर असते. वादकाची बोटे आणि पोलादी तारा वर्षानुवर्षे तिच्यावर घासत असतात. तरीही ती सहसा झिजत नाही. पाहणाऱ्यास वाटते, ही काळ्या रंगाने रंगविलेली असावी. परंतु उत्तम गिटारीच्या पट्टीवर रंगाचा लेशही नसतो. तो काळेपणा लाकडाचा स्वतःचाच असतो. त्या लाकडाचे नाव आबनूस.

आबनूस हे लाकूड इतके घट्ट असते की त्याचा तुकडा पाण्यात टाकला, तर तो तरंगण्याऐवजी बुडतो. झाडाचे सगळेच लाकूड मात्र काळे नसते. सालीच्या आतील थर फिकट असतो. काळा असतो तो खोडाचा गाभा. या वृक्षाचा एक भाऊबंद महाराष्ट्रातील रानांत सर्वत्र आढळतो. तो म्हणजे टेंभुर्णी. तिची पिवळी, गोड फळे रानात भटकणाऱ्या मुलांनी आवडीने खाल्लेली असतात आणि गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या भागांत तिचीच पाने विडीसाठी गोळा केली जातात. तेथे तिला तेंदू म्हणतात. टेंभुर्णीच्या जुन्या खोडाचा गाभाही काळा असतो. मात्र गिटारीसाठी ज्याचा उपयोग होतो तो आबनूस मुख्यतः मध्य आफ्रिकेतील घनदाट, पावसाळी अरण्यांत वाढतो.

या लाकडाचा लोभ माणसाला फार जुन्या काळापासून आहे आणि त्या लोभाचा इतिहास काही अभिमानास्पद नाही. १६३८ साली डच लोकांनी मॉरिशस बेटावर वसाहत केली ती बव्हंशी तेथील आबनुसासाठी. त्यांनी तेथील रानांवर कुऱ्हाड चालविली. श्रीलंकेतील आबनूसही जहाजे भरभरून युरोपात गेला. पुढे मादागास्करची पाळी आली. एका भूमीतील मोठी झाडे संपली की व्यापाऱ्याने दुसरी भूमी शोधावी, असा हा क्रम शतकानुशतके चालला. अखेर २०१३ साली मादागास्करमधील आबनुसाच्या परदेशी व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध घालण्यात आले. तोपर्यंत पुष्कळ उशीर झालेला होता.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात बॉब टेलर या कारागिराने १९७४ साली एका सहकाऱ्याबरोबर गिटारी बनविण्याचा कारखाना काढला. तो कारखाना पुढे फार मोठा झाला. गिटार घडविणारे इतर कारागीर करीत तसेच टेलरही करीत असत; दुकानदाराकडून आबनुसाच्या पट्ट्या विकत घ्याव्यात, त्या तासून गिटारीवर बसवाव्यात. पट्टी ज्या झाडाची आहे ते झाड कोणी तोडले, कोणत्या रानात तोडले, हे विचारण्याची प्रथा या धंद्यात नव्हती. २०११ साली टेलर यांच्या कारखान्याने स्पेनमधील लाकडाच्या एका व्यापारी संस्थेसह कॅमेरून या देशातील आबनुसाची गिरणीच विकत घेतली. कॅमेरून हा आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील देश होय. ही गिरणी त्याच्या राजधानीत, याउंदे शहरात आहे. गिरणीचे मालक झाल्यावर टेलर स्वतः लाकूडतोड्यांना जाऊन भेटले.

तेथे त्यांच्या कानी जे आले त्याने ते थक्क झाले. त्यांनी सहज विचारले, “एक काळेभोर झाड मिळविण्यासाठी तुम्हांला किती झाडे तोडावी लागतात?” उत्तर मिळाले, “दहा.”

याचे कारण असे की, आबनुसाचा गाभा काळाभोर आहे की त्यात तपकिरी, करड्या रेषा आहेत, हे बाहेरून ओळखता येत नाही. झाड आडवे केल्यावरच ते कळते. रेषा दिसल्या की ते खोड तेथेच टाकून तोडे पुढच्या झाडाकडे वळत. कारण गिरणीत अशा लाकडाला दर फार थोडा मिळे, आणि मजुरांनी दूरच्या रानातून खांद्यावर वाहून आणण्याचे कष्टही त्यातून भरून निघत नसत. जे झाड वाढावयास शंभर वर्षे लागली असतील ते घटकाभरात पाडावयाचे आणि रानातच कुजू द्यावयाचे! यात तोड्यांना दोष देणे सोपे आहे. परंतु ते योग्य नव्हे. दूरदेशीच्या वादकांना निष्कलंक काळी पट्टी हवी होती. कारखानदार ती मागत, गिरणीवाले ती मागत आणि त्या मागणीचा शेवटचा घाव झाडावर पडे.

रेषांचे लाकूड कोणत्याही प्रकारे हिणकस नसते. ते तितकेच टणक, तितकेच टिकाऊ असते आणि गिटारीच्या नादातही त्यामुळे उणेपणा येत नाही. फरक काय तो डोळ्यांना. टेलर यांनी गिरणीत असा नियम केला की, रेषांच्या लाकडालाही काळ्या लाकडाइतकाच भाव द्यावयाचा. २०१२ साली त्यांनी वादकांना आणि इतर कारखानदारांना जाहीर आवाहन केले. यापुढे आपल्या गिटारींवर रेषांची पट्टीही दिसेल, कारण झाडे जशी आहेत तशीच ती आपण स्वीकारली पाहिजेत, असा त्याचा आशय होता. ग्राहक पाठ फिरवतील की काय, अशी शंका अनेकांना होती. तसे झाले नाही. आज उत्तम, महागड्या गिटारींवरही तपकिरी रेषांची पट्टी दिसते आणि पुष्कळ वादकांना तीच अधिक देखणी वाटते.

अशा रीतीने तोडलेली झाडे वाया जाण्याचे थांबले. परंतु झाडे तोडणे चालूच होते. तोडलेल्याच्या जागी नवे झाड लावावे म्हटले, तर आबनुसाची लागवड कशी करावी हे नीटसे कोणालाच ठाऊक नव्हते. ज्या लाकडाचा व्यापार शेकडो वर्षे चालला, त्याचे बी केव्हा धरते, ते कसे रुजते, ते रानात कोण पसरविते, या प्रश्नांकडे कोणाचे लक्षच गेले नव्हते. तेव्हा २०१६ साली टेलर यांच्या अर्थसाहाय्याने याउंदे येथील काँगो खोरे संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी हे काम हाती घेतले. बियांपासून रोपे करण्याचे प्रयोग झाले आणि पंधरा हजार आबनूस वृक्ष लावण्याचा संकल्प करण्यात आला.

लागवडीसाठी निवडलेली गावे द्जा नावाच्या अभयारण्याच्या आसपासची आहेत. द्जा नदीच्या वळणाने हे अरण्य जवळजवळ चहूबाजूंनी वेढलेले आहे. १९८७ साली त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला. या गावकऱ्यांपुढे मोठा विचित्र प्रश्न होता. आज लावलेला आबनूस तोडण्याजोगा होण्यास माणसाच्या एका आयुष्याहून अधिक काळ लागतो. ज्याला यंदाच्या हंगामाची विवंचना आहे, त्याने नातवंडांच्या नातवंडांसाठी झाड का लावावे? रोपाला पाणी घालावे, तणापासून राखावे आणि त्याचा पैसा आपल्या डोळ्यांनी कधी पाहू नये, असे त्याला कोणत्या तोंडाने सांगावे?

यावर योजना अशी झाली की, आबनुसाच्या रोपांबरोबर फळझाडांची आणि औषधी झाडांचीही रोपे द्यावयाची. सफू नावाचे एक फळ तेथील लोकांना अतिशय प्रिय आहे. ते जांभळ्या रंगाचे असून उकडून किंवा भाजून खातात. अशा झाडांना थोड्याच वर्षांत फळे येतात; घरच्यांच्या तोंडी लागतात आणि उरलेली बाजारात विकता येतात. फळझाड राखता राखता शेजारचा आबनूसही राखला जातो. गावकऱ्यांनी स्वतःच्या रोपवाटिका उभारल्या. लावलेले झाड लावणाऱ्याच्याच मालकीचे राहावे, उद्या कोणी त्यावर हक्क सांगू नये, म्हणून नोंदी करण्याची दक्षताही घेण्यात आली. हे काम वरवर कागदी वाटते. पण ज्या झाडावर आपला हक्क राहील की नाही याची खात्री नाही, त्याला पाणी घालण्यास कोणाचा हात पुढे होईल? पंधरा हजारांचा पहिला संकल्प काही वर्षांतच पुरा झाला आणि त्यानंतरही लागवड चालू राहिली.

दरम्यान शास्त्रज्ञांचा दुसरा शोध चालूच होता. रानातील आबनूस आपोआप कसा वाढतो? या झाडाचे फळ मोठे, गराने भरलेले असते. ते झाडाखाली पडले की उंदरांसारखे कुरतडणारे प्राणी त्यातील बिया फोडून खातात. मग नवी झाडे येतात तरी कोठून? त्या रानात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या बाका लोकांच्या अनुभवाचा येथे उपयोग झाला. ही फळे हत्ती खातात! हत्ती फळ अख्खे गिळतो, चालत चालत दूर जातो आणि त्याच्या शेणाबरोबर बिया धड बाहेर पडतात. शेणाच्या गोळ्यात दडलेल्या बीजाला कुरतडणाऱ्यांपासून संरक्षण मिळते. शिवाय ते आईच्या सावलीपासून दूर पडल्यामुळे नव्या जागी, निराळ्या कुळातील झाडांच्या शेजारी वाढते. त्यामुळे पुढची संतती सकस होते.

२०२५ साली या संशोधनाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या अरण्यांतून हत्ती नाहीसे झाले आहेत, तेथे आबनुसाची कोवळी झाडे हत्ती असलेल्या अरण्यांपेक्षा ६८ टक्क्यांनी कमी आढळली. तेथील मोठे वृक्ष अजून उभे आहेत. वरून पाहणाऱ्याला रान भरलेले दिसते. पण त्या वृक्षांच्या पायथ्याशी त्यांची जागा घेणारे कोणी नाही. आफ्रिकेतील अरण्यहत्ती हस्तिदंतासाठी मारले गेले आणि एकतीस वर्षांत त्यांची संख्या ८६ टक्क्यांनी घटली, असा तज्ज्ञांचा २०२१ सालचा हिशेब आहे. जुन्या पियानोच्या पांढऱ्या पट्ट्या हस्तिदंताच्या आणि काळ्या पट्ट्या आबनुसाच्या असत. एकाच वाद्यावर शेजारी शेजारी बसलेल्या त्या दोन वस्तूंचे नाते रानात किती जवळचे होते, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नीही आले नसेल.

हत्तीला रोपवाटिका लागत नाही, नोंदवही लागत नाही, की कोणाचे अर्थसाहाय्य लागत नाही. जेथे तो उरला नाही, तेथे त्याचे काम आता माणसांना करावे लागत आहे. द्जा नदीच्या परिसरातील गावांत पावसाळा लागला की रोपवाटिकेतील वीतभर उंचीची रोपे डोक्यावरून शेतांकडे नेली जातात. खड्डा खणून एकेक रोप त्यात बसविले जाते. त्याच्या गाभ्यात अजून काळ्या रंगाचा मागमूसही नसतो; आणि पुढे त्यात काळेभोर लाकूड भरेल की रेषांचे, हे लावणाऱ्याला ठाऊक नसते. त्याचा भाव मात्र दोन्ही प्रकारांना सारखाच ठरलेला आहे.