लॉक काढलंस, आता त्याचं काम कोण करतंय?

अगं, आधी त्या पॅचमधला एक मिलिसेकंदाचा एमस्लीप काढून टाक. लॉक काढलंस, मशीन पडायला लागलं, म्हणून मध्येच एमस्लीप घुसवलास आणि पडणं थांबलं. "ताई, झालं फिक्स!" कसलं फिक्स? दोन सीपीयू ज्या फटीत एकमेकांना गाठत होते, ती फट तू जरा सरकवलीस, एवढंच. तुझ्या आठ कोअरच्या लॅपटॉपवर ती आता लवकर सापडायची नाही. गिऱ्हाइकाच्या चौसष्ट कोअरच्या सर्व्हरवर मात्र सापडेल, तीही नेमकी मध्यरात्री. प्रिंटके टाकल्यावर बग गायब झाला तरी हेच समजायचं. चूक तिथेच असते, फक्त वेळ हललेली असते.

तुझी समजूत अशी दिसते की तुला लॉक काढायचं काम दिलंय. लॉक काढणं म्हणजे दोन ओळी खोडणं, ते कुणीही करील. खरं काम आहे ते लॉक इतकी वर्षं कशाकशाची राखण करत होतं हे हुडकायचं. फाइलच्या डोक्यावर कॉमेंट आहे, "यादीच्या रक्षणासाठी". ती लिहिणाऱ्याने यादीसाठीच टाकलं असेल गं. पण मागाहून आलेल्यांनी त्याच्या आडोशाला काउंटर ठेवला, फ्लॅग ठेवला, ड्रायव्हर बंद करायचा सगळा कोड ठेवला, आणि कॉमेंट कुणी बदलली नाही. एखाद्या जुन्या शहराच्या वेशीचा दरवाजा आठव. अरुंद कमान, गाड्या तुंबतात, सगळे वैतागतात. पण गाड्या तिथून एकेक सुटतात म्हणूनच पुढच्या वळणावर दोन मोठ्या गाड्या एकदम येत नाहीत, हे कुठल्या कागदावर लिहिलेलं असतं का? शेजारून रुंद पूल काढला की ते वळण उघडं पडतं.

लिनक्समध्ये हे फार मोठ्या प्रमाणावर होऊन गेलंय. १९९६ साली २.० आवृत्तीत एकापेक्षा जास्त प्रोसेसर चालवायची सोय आली, तेव्हा सगळ्या कर्नेलला मिळून एकच लॉक होतं, बिग कर्नेल लॉक. त्याच्या तऱ्हा दोन. ज्याच्या हातात ते आहे, त्याने पुन्हा मागितलं तरी मिळायचं. आणि धरून बसलेला थ्रेड झोपला, की लॉक आपोआप सुटायचं, जागा झाला की परत हातात यायचं. लोकांनी या दोन्ही सवयींवर नकळत भिस्त ठेवून कोड लिहिला. ते शेवटी पुरतं गेलं २.६.३९ मध्ये, मे २०११ला, आणि शेवटचा जोर आर्न्ड बर्गमन यांनी लावला. पंधरा वर्षं लागली, म्हणजे बघ. लॉक कुठे घेतलंय ते ग्रेप मारून मिनिटात कळत होतं, का घेतलंय ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

कर्नेलवाल्यांनी केलं काय, तर लॉक आधी खाली ढकललं. वरून सगळ्या ड्रायव्हरांच्या आयॉक्टलसाठी एकदाच घेतलं जायचं, ते प्रत्येक ड्रायव्हरच्या आत नेलं. मग एकेक ड्रायव्हर हातात घेऊन तपासायचा, गरज नसेल तर लॉक उडवायचं, असेल तर त्याचा स्वतःचा म्यूटेक्स द्यायचा. इथेही मेख होतीच. म्यूटेक्स झोपेत सुटत नाही आणि त्याच थ्रेडला दुसऱ्यांदा मिळत नाही, त्यामुळे एकमेकांना हाक मारणारी फंक्शनं जागच्या जागी लटकू शकतात. तू सगळं एकाच पॅचमध्ये उडवलंस, म्हणून आता नेमकं कशाने मोडलं ते कळत नाहीये. मालिका कर. एका पॅचमध्ये एकच वस्तू लॉकखालून बाहेर काढायची. कंटाळवाणं आहे, पण बायसेक्ट करताना मला दुवा देशील.

आता तुझा खरा बग. तू लॉक न घेता यादीत वस्तू शोधतेस आणि सापडली की तिचा काउंट एकने वाढवतेस. शोधणं आणि वाढवणं यांच्या मधे दुसऱ्या सीपीयूवर कुणीतरी शेवटचा हात सोडतं, काउंट शून्य होतो, केफ्री होतं, आणि तू मेलेल्या वस्तूचा काउंट शून्यावरून एक करतेस. तू काउंट अ‍ॅटॉमिक केलास, फ्लॅगही अ‍ॅटॉमिक केलास. ठीक, पण दोघं वेगवेगळे अ‍ॅटॉमिक केल्याने त्यांची जोडी अ‍ॅटॉमिक होत नाही. "फ्लॅग चालू असेल तोवर काउंट शून्य नाही" हा नियम लॉक पाळत होतं. तो आता कोण पाळणार, ते सांग.

यावरचा नमुना फाइलनावांच्या कॅशमध्ये आहे, डीकॅशमध्ये, आणि तो घडवणाऱ्यांत आपल्याकडची माणसं आहेत. वाचणाऱ्यांना लॉक घ्यावं न लागणारं तंत्र, आरसीयू, २००२ मध्ये लिनक्समध्ये आलं. पॉल मॅकेनी यांच्याबरोबर त्यावर बंगळूरच्या आयबीएममधले दीपंकर सरमा होते, आणि ते डीकॅशला लावण्याच्या कामात मनीष सोनी. आधी नाव शोधायला सगळ्यांना एकच डीकॅश लॉक घ्यावं लागायचं. त्यांनी शोध लॉकशिवाय केला. पण नुसतं लॉक काढून थांबले नाहीत, ते बघ. नोंद सापडल्यासारखी वाटली की त्या एका नोंदीचं स्वतःचं छोटं लॉक घ्यायचं आणि सगळं पुन्हा विचारायचं: तुझा पालक अजून तोच आहे ना? नाव तेच ना? तुला कुणी टेबलातून काढलं तर नाही? तिन्ही उत्तरं जुळली तरच काउंट वाढवायचा. आणि शोध चालू असताना कुणी फाइलचं नावच बदललं, नोंद एका साखळीतून दुसऱ्या साखळीत गेली आणि शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागलं नाही, तर? त्यासाठी रिनेमचा सीक्वेन्स काउंटर. शोधाआधी तो वाचून ठेवायचा, रिकाम्या हाताने आलो तर परत बघायचा, बदलला असेल तर पहिल्यापासून शोधायचं. शिवाय काढलेली नोंद लगेच मोकळी करायची नाही, तेव्हा वाचत असलेले सगळे बाहेर पडेपर्यंत थांबायचं. तुझ्या ड्रायव्हरला रिनेमची भानगड नाही, पण बाकी सगळं लागू आहे. केफ्रीऐवजी केफ्री-आरसीयू, शोध आरसीयूच्या वाचन-विभागात, आणि काउंट वाढवताना रेफकाउंट-इंक-नॉट-झीरो. ते "नाही" म्हणालं तर वस्तू सापडलीच नाही असं समजून परत फिर.

आरसीयू घातलं म्हणून निर्धास्त होऊ नकोस मात्र. ६.१ मध्ये प्रोसेसच्या मेमरीच्या नोंदी रेड-ब्लॅक ट्रीमधून मेपल ट्रीमध्ये गेल्या. स्टॅक वाढवताना नोंदीची हद्द बदलावी लागते, आणि ते काम वर्षानुवर्षं नुसतं वाचनाचं लॉक धरून चालायचं. जुन्या ट्रीत नोंदीतले आकडेच तेवढे बदलायचे, खपून गेलं. नव्या ट्रीत कधी अख्खा नोड बदलतो आणि जुना आरसीयूमार्फत मोकळा होतो. वाचणारे बिचारे मेमरीचं लॉक आहे म्हणून निवांत, आरसीयूचा विभाग त्यांनी धरलेलाच नाही. २०२३ मध्ये हे उघड झालं, स्टॅकरॉट म्हणतात त्याला. ते दुरुस्त करायला लिनस टोरवाल्ड्स स्वतः बसले, आणि तोडगा काय निघाला? स्टॅक वाढवताना लिहिण्याचं लॉक घ्या. म्हणजे लॉक आणखी कडक केलं!

लॉकडेप चालू ठेव, पण जे लॉक घेतलंच नाहीस त्याबद्दल ते आपणहून बोलत नाही. जिथे लॉक हवंच तिथे लॉकडेप-असर्ट-हेल्ड लिही, कॉमेंटसारखं ते शिळं होत नाही. केसीसॅन लाव, ५.८ पासून कर्नेलमध्येच आहे. एका जागेवर पाळत ठेवून तेवढ्यात तिथे दुसरं कुणी हात घालतंय का ते बघतं. त्याने तक्रार केली की रीड-वन्स घालून त्याचं तोंड बंद करायचं, हा धंदा करू नकोस. तुमच्याकडचे सीनियरही करतात, मला माहितीये. रीड-वन्सने कंपायलर शहाणा होतो, तुझा तर्क तेवढाच चुकीचा राहतो. आणि एआरएमवर चालव बाई. एक्स-८६ लिखाणाचा क्रम बराच पाळतो, त्यामुळे अर्धवट भरलेल्या वस्तूचा पॉइंटर आधी जगजाहीर केलास तरी बऱ्याचदा निभावून जातं. एआरएम इतकं सांभाळून घेत नाही. पॉइंटर आरसीयू-असाइन-पॉइंटरनेच दे.

रिव्ह्यूत कुणी "इतकी वर्षं चाललंय की" म्हणालं तर गप्प बसू नकोस. कर्नेलमधली डर्टी काऊ नावाची रेस २००७ पासून होती आणि २०१६ मध्ये बुजवली. मधल्या काळात चालतच होतं सगळं. तुझ्या पॅचच्या वर्णनात मात्र लिही: लॉक काय काय सांभाळत होतं, आणि त्यातलं प्रत्येक आता कोण सांभाळतंय. एका जरी वस्तूपुढे जागा कोरी राहिली, तर पॅच पाठवायचा नाही.

आणि एक राहिलंच, खरं तर हे आधी विचारायला हवं होतं. या लॉकवर गर्दी होते हे मोजलंय का कुणी, की मीटिंगमध्ये कुणाला तरी वाटलं? लॉकस्टॅट चालू करून तुमचा नेहमीचा लोड तासभर चालव आणि किती वेळा थांबावं लागलं, किती वेळ, ते दोन आकडे मला पाठव. थांबणं नगण्य निघालं तर लॉक जसं होतं तसं परत ठेव, आणि मॅनेजरला ते आकडे कसे दाखवायचे ते मी फोनवर सांगते.