चिकित्सेचे चार पाद आणि व्यसनी माणसाचे घर



चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. बाजेचा एक पाय मोडला की वर निजणारा खाली येतो, तसेच येथे. पाठशाळेत असताना हे प्रकरण मी घोकले होते. पण त्याचा अर्थ कळला तो फार उशिरा, स्वतःच्या हातून चूक झाल्यावर. ती चूक आज उघड सांगतो, कारण तीच तुमच्याही हातून होऊ शकेल.

एका गावी सप्ताह होता. काल्याच्या दिवशी एक म्हातारी आपल्या चाळिशीतल्या लेकाला घेऊन आली. "बुवा, सकाळी डोळा उघडला की याला बाटली लागते. याच्या गळ्यात माळ घाला." मी माळ घातली, विठ्ठलासमोर शपथ वाहविली : आजपासून थेंब नाही. टाळ्या झाल्या, म्हातारी रडली, आणि मी पुढच्या गावी निघून गेलो.

त्याने शपथ पाळली हो! पण तिसऱ्या रात्री त्याचे अंग थरथरू लागले, घामाने कपडे भिजले, भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसू लागल्या. गाव म्हणाले, बाहेरचं लागलं. अंगारे-धुपारे झाले. शेवटी मेव्हण्याने त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेले म्हणून तो वाचला. मागाहून तेथील डॉक्टर मला म्हणाले, "बुवा, रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की झटके येतात, भ्रम होतो, जीवही जातो. शपथ जरूर घाला, पण आधी आमच्याकडे धाडा." मी मान खाली घातली. शपथ वाहविताना मी वैद्य आणि औषध हे दोन पाद काढूनच घेतले होते.

येथे कोणी शंका घेईल, की दारू पिणे हा दोष आहे, त्याला रोग कसे म्हणावे? समाधान असे. पहिला पेला माणूस आपल्या इच्छेने उचलतो हे खरे. पण पुढे शरीरच तो मागू लागते आणि इच्छेचा लगाम सुटतो. चरकानेही अतिमद्यपानाच्या विकारांना मदात्यय हे नाव देऊन चिकित्सास्थानात वेगळा अध्याय दिला आहे. आजची जागतिक आरोग्य संघटनाही मद्यासक्तीची गणना रोगांतच करते. रोग म्हटल्याने जबाबदारी सुटत नाही. उलट उपचार करून घेण्याची जबाबदारी येते.

आता तिसरा पाद, परिचारक. त्याच्या अंगी प्रेम, दक्षता आणि शुचिता असावी, आणि सर्वांआधी उपचाराचे ज्ञान असावे, असे शास्त्र म्हणते. व्यसनी माणसाच्या घरी हा परिचारक कोण? त्याची बायको, आई, पोरे. प्रेम त्यांच्याजवळ भरपूर आहे. ज्ञान कोणी दिले? बायको मुकादमाला सांगते, "त्यांना ताप आलाय." आई गुत्त्याची उधारी फेडते. पोरगं बापाची चाहूल लागताच कोपऱ्यात दडते आणि शाळेत बोलेनासे होते. असे झाकता झाकता व्यसन पोसले जाते, आणि घरातल्यांची झोप, जेवण, मन सारेच बिघडते. एक पितो, आजारी मात्र सारे घर पडते.

हे ओळखून काम करणाऱ्या संस्था आहेत. पुण्यास येरवड्याला मुक्तांगण हे केंद्र १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने सुरू केले. तेथे रोग्याला ठेवून घेऊन उपचार होतात, आणि पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा गटही चालतो. दुसरा मार्ग अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा. १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी एक शेअरदलाल आणि एक शस्त्रवैद्य, दोघेही मद्यासक्त, एकमेकांना आधार देऊ लागले, त्यातून ही संघटना झाली. तेथे फी नाही, आडनाव विचारीत नाहीत. नेम फक्त आजच्या दिवसाचा. आपणही वारीत रोज आजचा मुक्काम तेवढाच गाठतो, तसेच हे. कुटुंबीयांसाठी १९५१ पासून अल-अनॉन हा निराळा गट आहे. दोन्हींच्या सभा महाराष्ट्रात भरतात. घरबसल्या विचारावयाचे झाल्यास मनाच्या दुखण्यासाठी १४४१६ आणि व्यसनासाठी १४४४६ हे सरकारी दूरध्वनी विनामूल्य आहेत.

चौथा पाद रोगी. त्याच्या गुणांत ज्ञापकत्व सांगितले आहे, म्हणजे आपले दुखणे न लपविता सांगणे. हा गुण घरालाही हवा. पण सांगावे कसे, जर आपणच हसणार असू? दिंडीतला कोणी पुन्हा घसरला की आपण म्हणतो, "माळ बाटवली, काढा याला." सज्जनहो, या रोगात पुन्हा घसरणे पुष्कळदा होते. पडलेल्याला उठवून परत उपचाराला न्यावे. दिंडीतून काढले तर तो जाणार गुत्त्यावरच.

त्या म्हातारीचा लेक सहा महिन्यांनी पुन्हा प्यायला. पण या खेपेस तो केंद्रात राहून आला, आणि बायको दर आठवड्याला सभेला जाऊ लागली. पुढे भेटली तेव्हा म्हणाली, "बुवा, त्यांचं काय होईल ते होवो, पण मी आता खोटं बोलत नाही, आणि रात्री झोपते." घर सुधारल्याची पहिली खूण मला तीच वाटली.

तेव्हापासून कोणी माळ मागावयास आला की मी आधी विचारतो, "सकाळी हात कापतात का?" कापत असतील तर प्रथम दवाखाना, मग माळ. आणि दुसरा प्रश्न त्याच्यामागे उभ्या असलेल्या बाईला, "माय, तू कशी आहेस?" हा दुसरा प्रश्न आपणही विचारीत जावा, एवढीच विनंती.

रामकृष्णहरि.