तोल, गती आणि मेंदू

काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला घेऊन एखादा मुलगा स्वयंपाकघरातून ओसरीवर येतो आणि पाण्याचा थेंबही सांडत नाही. ही गोष्ट इतकी नित्याची आहे की तिचे कोणास आश्चर्य वाटत नाही. परंतु तेवढ्या अवकाशात किती व्यवहार घडतात! पाऊल उचलताच शरीराचा भार दुसऱ्या पायावर जातो. कंबर किंचित वळते. पेला कलू लागण्यापूर्वीच मनगट त्यास सावरते. उंबरठा येताच दृष्टी पेल्यावरून उंबरठ्याकडे आणि पुन्हा पेल्याकडे झेपावते. यांतील बहुतेक हुकूम मुलगा जाणूनबुजून देत नाही. ते मेंदूत परस्पर सुटतात, आणि तेही एकाच ठिकाणाहून नव्हे.

गतीचे तीन कारभारी

पहिला कारभारी म्हणजे मोठा मेंदू. त्याच्या पृष्ठभागावर, प्रत्येक बाजूस मध्याच्या सुमारास एक खोल घळ असते. तिच्या लगत पुढील बाजूस जो पट्टा आहे, तेथून हालचालीचे हुकूम निघतात. ते वाहून नेणारे बहुतेक मज्जातंतू लंबमज्जेत आपली बाजू बदलतात. म्हणून डावा मेंदू उजव्या हातापायांस चालवितो. या भागाचा रक्तपुरवठा तुटला किंवा तेथील रक्तवाहिनी फुटली, तर विरुद्ध बाजूचे अंग लुळे पडते. हाच पक्षाघात. तोंड एकाएकी वाकडे होणे, एक हात निर्जीव होणे, बोलणे अडखळणे या खुणा दिसताच रोग्यास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. कारण रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि तेही तपासणीनंतर.

दुसरा कारभारी मोठ्या मेंदूच्या पोटात, खोलवर असलेल्या पेशीपुंजांचा आहे. हालचाल सहजपणे सुरू होणे व तिला योग्य वेग मिळणे, हे या पुंजांवर अवलंबून असते. त्यांना डोपामीन नावाचे द्रव्य पुरविणाऱ्या पेशी झिजू लागल्या म्हणजे कंपवात जडतो. लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली त्याचे वर्णन केले. हालचाली मंदावतात, पावले आखूड पडतात, आणि हात स्वस्थ असतानाच विशेषेकरून कापतो.

तिसरा कारभारी कवटीच्या मागील बाजूस, खाली वसलेला लहान मेंदू. वजनाने तो सबंध मेंदूच्या सुमारे दहाव्या हिश्शाएवढाच भरतो. परंतु मेंदूतील सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशींपैकी सुमारे ६,९०० कोटी एकट्या त्याच्यात सामावलेल्या आहेत. योजलेली हालचाल आणि घडत असलेली हालचाल यांचा तो ताळा पाहतो व चूक तत्क्षणी दुरुस्त करतो. तो बिघडला तर अंगातील शक्ती जात नाही, माप जाते. हात पेल्यापर्यंत पोहोचताना थरथरतो व पेल्याच्या पुढे जातो. पावले फाकून पडतात. उच्चार जड होतात. अशा रोग्यास पाहून अनेकदा लोकांचा तो मद्यपी असल्याचा समज होतो, आणि आजाराच्या दुःखात अकारण अपमानाची भर पडते. वास्तविक मद्याचा परिणामही याच लहान मेंदूवर होत असल्यामुळे दोन्ही चाली सारख्या दिसतात.

डोळ्यांनी दिलेली साक्ष

येथे वाचकाने एक साधा प्रयोग करावा. आरशासमोर उभे राहून प्रथम आपल्या डाव्या डोळ्याकडे, मग उजव्या डोळ्याकडे पाहावे. आपले डोळे हललेले आपणांस कधीच दिसत नाहीत. मात्र शेजारी उभ्या असलेल्या मित्रास ती झेप स्पष्ट दिसते. ही झेप सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात पुरी होते. तिचा हुकूम मेंदू व मज्जारज्जू यांना जोडणाऱ्या मस्तिष्कस्तंभातून सुटतो.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मज्जाविकारांचा विभाग उभारणारे डॉ. नोशीर वाडिया (१९२५–२०१६) यांनी हीच झेप बारकाईने पाहिली. तोल जाण्याचा विकार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या काही कुटुंबांत त्यांना एक निराळी खूण आढळली. रोग्यास एका बोटावरून दुसऱ्या बोटाकडे पाहण्यास सांगितले असता त्याचे डोळे झेपावत नसत. ते संथपणे सरकत जात. अशा नऊ कुटुंबांचा वृत्तांत डॉ. वाडिया व आर. के. स्वामी यांनी १९७१ साली ‘ब्रेन’ या इंग्रजी नियतकालिकात प्रसिद्ध केला. हा विकार केवळ लहान मेंदूपुरता नसून मस्तिष्कस्तंभातही पोहोचतो, हे डोळ्यांच्या मंद गतीवरून उघड झाले. त्यासाठी मुख्य साधन लागले ते डोळस निरीक्षणाचे.

पुढे १९९६ साली या प्रकारच्या विकाराचे मूळ बाराव्या गुणसूत्रावरील एका जनुकात सापडले. त्या जनुकात तीन रासायनिक अक्षरांचा एक गट बहुतेक निरोगी माणसांत सुमारे २२ वेळा येतो. रोग्यांत ही आवृत्ती सामान्यतः ३५ च्या वर जाते. आवृत्ती जितकी अधिक, तितका रोग लवकर प्रकट होण्याचा संभव. १९९८ साली डॉ. वाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा भारतीय कुटुंबांची जनुकीय तपासणी प्रसिद्ध केली. तीतही निदानाच्या दृष्टीने डोळ्यांच्या मंद गतीचे महत्त्व दिसून आले.

ज्ञानाचा उपयोग

या आनुवंशिक विकारास समूळ बरे करणारे औषध अद्याप नाही. आई किंवा वडील यांपैकी एकास तो असेल, तर प्रत्येक अपत्यास, मग तो मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याचा संभव निम्मा असतो. मग नेमके निदान कशासाठी, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. निदानामुळे कुटुंबास पुढील निर्णय जाणतेपणी घेता येतात. नियमित व्यायामाने तोल व चाल काही काळ टिकवून धरता येते. शिवाय घराण्यावर शाप आहे, हा धसका मनातून निघतो.

डगमगत चालणाऱ्या माणसास पाहून हसणे सोपे असते. परंतु त्याच्या मेंदूतील एखादा कारभारी थकला असेल, हे ज्यास कळले, तो हसण्यापूर्वी त्यास आधाराचा हात देईल.