पोटाची शस्त्रक्रिया आणि यंत्रमानव

दिनांक ७ सप्टेंबर २००१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ६८ वर्षांच्या एका महिलेचे पित्ताशय शस्त्रक्रियेने काढण्यात आले. शस्त्रक्रिया तशी नित्याचीच होती. परंतु ती करणारे प्रा. झाक मारेस्को त्या वेळी अटलांटिक महासागरापलीकडे न्यूयॉर्क येथे बसले होते. त्यांच्या हातांच्या हालचाली प्रकाशतंतूंच्या वाहिनीतून स्ट्रासबुर्गला पोहोचत आणि तेथील यंत्राचे हात त्याबरहुकूम चालत. ५४ मिनिटांत पित्ताशय सोडविण्यात आले. १९२७ साली हा महासागर विमानातून एकट्याने, कोठेही न थांबता ओलांडणाऱ्या चार्ल्स लिंडबर्ग यांचे नाव या शस्त्रक्रियेस देण्यात आले.

मात्र त्या दिवशी रुग्णाजवळही शल्यचिकित्सक सज्ज उभे होते. प्रसंग पडताच काम हाती घेण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. यंत्रमानवाच्या शस्त्रक्रियेचे खरे स्वरूप समजून घेताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

दुर्बिणीपासून यंत्रापर्यंत

पूर्वी पित्ताशयातील खड्यांसाठी पोटावर लांब छेद घ्यावा लागे. १९८५ साली जर्मनीतील एरिख म्यूहे यांनी लहान छिद्रातून दुर्बीण घालून पित्ताशय काढले. भारतात ही पद्धत १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी रूढ केली. पोटात कार्बन डाय-ऑक्साइड वायू भरून जागा करावयाची, दुर्बिणीने आतील दृश्य पडद्यावर पाहावयाचे आणि लांब दांड्यांच्या हत्यारांनी काम करावयाचे, अशी ही रीत आहे. तीत वेदना कमी होतात आणि रुग्ण लवकर घरी जातो. अडचण एवढीच, की सरळ दांड्याच्या हत्याराला मनगट नसते आणि साध्या पडद्यावर खोलीचा अंदाज येत नाही.

ही उणीव यंत्राने भरून काढली. १९९७ साली बेल्जियममध्ये यंत्राच्या साहाय्याने प्रथम पित्ताशय काढण्यात आले. शल्यचिकित्सक रुग्णापासून काही अंतरावर चालनमंचाशी बसतो. त्याला पोटातील दृश्य मोठे व त्रिमिती दिसते. त्याच्या बोटांची हालचाल यंत्र लहान प्रमाणात उतरविते, हाताचा कंप गाळून टाकते आणि हत्याराचे टोक मनगटासारखे वळविते. चिंचोळ्या जागेत टाके घालावयाचे असल्यास त्याचा मोठा उपयोग होतो.

यंत्र स्वतः निर्णय घेत नाही. कोठे कापावे आणि कोठे थांबावे, हे माणूसच ठरवितो. ‘यंत्रमानव’ या नावामुळे सामान्य माणसाची नेमकी येथेच गैरसमजूत होते.

लाभ किती?

नवे ते चांगले, असे गृहीत धरण्यापूर्वी अनुभव काय सांगतो हे पाहणे इष्ट ठरेल. गुदाशयाच्या कर्करोगाच्या ४७१ रुग्णांचा दहा देशांत केलेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. ऐनवेळी पोट उघडावे लागण्याचे प्रमाण दुर्बिणीच्या पद्धतीत १२.२ टक्के, तर यंत्राच्या पद्धतीत ८.१ टक्के आढळले. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक निर्णायक ठरला नाही.

पित्ताशयाच्या बाबतीत तर अधिक सावधगिरीचा इशारा मिळाला. अमेरिकेतील दहा लाखांहून अधिक, मुख्यतः वृद्ध रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. पित्तनलिकेस इजा होऊन ती दुरुस्त करावी लागण्याचे प्रमाण दुर्बिणीच्या पद्धतीत हजारी २, तर यंत्राच्या पद्धतीत हजारी ७ होते. ही इजा रुग्णाला दीर्घकाळ त्रास देणारी असते.

याचा अर्थ यंत्र निरुपयोगी आहे, असा नव्हे. ओटीपोटाच्या तळाशी किंवा अन्ननलिकेच्या टोकाशी करावयाच्या अवघड कामात कुशल हातांना त्याची मोठी मदत होते. परंतु साध्या, नेहमीच्या शस्त्रक्रियेत दुर्बिणीचा चांगला सराव असलेला शल्यचिकित्सक यंत्राविनाही तेवढेच सुरक्षित काम करतो. यंत्राची किंमत मोठी, त्याची हत्यारे ठरावीक वेळाच वापरता येणारी. साहजिकच हा खर्च अखेर रुग्णाच्या देयकात उतरतो.

विचारण्याजोगे प्रश्न

गावात कोणाला शस्त्रक्रिया सांगितली की, कुटुंब सल्ल्यासाठी शिक्षकांकडे किंवा पंचायत सदस्यांकडे येते. जमीन गहाण टाकण्याची भाषा होते, ती अशाच वेळी. तेव्हा चार प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावयास सांगावे : या आजारात यंत्रामुळे नेमका कोणता लाभ होईल? दुर्बिणीच्या पद्धतीने हे काम होईल काय? शस्त्रक्रिया करणाऱ्याने अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत? एकूण खर्च किती आणि तो शासकीय योजनेत बसतो काय?

हे प्रश्न विचारण्यात डॉक्टरांचा अनादर नाही. उलट, जाणत्या डॉक्टरांना त्यांची उत्तरे देण्यात समाधानच वाटते. त्याचबरोबर पोटातील असह्य कळ, कावीळ किंवा शौचातून रक्त जाणे ही लक्षणे अंगावर काढू नयेत, हेही सांगावयास हवे. उशिरा आलेल्या रुग्णाचा गेलेला वेळ कोणतेही यंत्र भरून देऊ शकत नाही.